कड्यातली म्हातारी

अहो, एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. मी हो म्हणाले नव्हते.

तुम्ही गेलात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि संध्याकाळी आनंद माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, आता तुझी निघायची तयारी करू या. बाबांच्या मागे तू माझ्याकडे अमेरिकेत येऊन राहायचं, हे तुमचं आधीच ठरलंय ना? बाबांनी मला सांगून ठेवलंय. तू हो म्हणाली होतीस."

"मी? कधी?"

"तिकडे, त्या कड्यातल्या घरांपाशी. गाडीत."

खरं सांगते, तेवढ्या दुःखातही मला हसू आलं. गाडीत मी चहा ओतत होते. थर्मासचं झाकण घट्ट बसलेलं, बोटं गारठलेली, आणि तुम्ही नेमका तेव्हाच तो प्रश्न विचारलात. मी गप्प राहिले. इतकी वर्षं संसार करून माझं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, हे तुम्हाला कळलं नाही? खडकीच्या क्वार्टर्समध्ये शेजारपाजारच्यांनासुद्धा ते ठाऊक होतं.

तेव्हा आज सगळं पहिल्यापासून बोलते. मध्येच माझं वाक्य तोडायची तुमची सवय या वेळी चालणार नाही.

मुळात घोळ आनंदने घातला. तो कंपनीच्या कामासाठी कोलोरॅडोला गेला, तिथेच रमला, आणि दरवर्षी तुम्हाला बोलवायचा. तुमचं उत्तर ठरलेलं. "बर्फ काय बघायचा? फ्रीज उघडला की दिसतो." मग एकदा फोनवर त्याने आमिष दाखवलं. "बाबा, इथे पण लेणी आहेत. डोंगराच्या कड्यात, शेकडो वर्षांपूर्वीची. राष्ट्रीय उद्यान करून जपून ठेवलीत." लेणी म्हटल्यावर तुम्ही त्याच आठवड्यात पासपोर्टचे फोटो काढून आलात.

लग्न झाल्यावर नवरे बायकोला सिनेमाला नेतात. तुम्ही मला भाज्याच्या लेण्यांना नेलंत. खडकीहून लोणावळ्याची लोकल, मळवलीला उतरायचं, पुढे पायी. तुमचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही कडक इस्त्रीचे. मला पांढरी साडी. पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा पुडा. चैत्यासमोर पोचल्यावर तुम्ही मेणबत्ती काढलीत आणि माझ्याकडे हात पसरलात. "काडेपेटी?"

मी म्हटलं, "माझ्याकडे कशी असेल?"

तेव्हा कळलं, तुम्ही काडेपेटी जवळ बाळगतच नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यातली नोकरी, फाटकावर रोज झडती. खिशात एक काडी सापडली तरी गय नाही. ती शिस्त तुमच्या अंगात इतकी मुरली होती की सुट्टीच्या दिवशीही तुम्ही काडेपेटीला हात लावायचा नाहीत. घरात गॅस पेटवायचा मी, देवळीतली समई नाही पण बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती पेटवायची मी, लाइट गेले की कंदील पेटवायचा मी. त्या दिवशी चहाच्या टपरीवरून काडेपेटी मागून आणली, आणि तेव्हापासून आपली वाटणी ठरली. मेणबत्ती तुमच्याकडे, काडेपेटी माझ्याकडे. माझ्या पर्समध्ये ती कायम असायची. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, विड्या ओढतेस का?"

तर डिसेंबरात आपण तिकडे गेलो. आनंद, सून रश्मी, चार वर्षांची नात इरा आणि आपण दोघं, दिवसभर गाडीतून. दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी उठून बघते तर तुम्ही पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून तयार. बॅगेच्या तळाशी लपवून आणले होतेत. वरून आनंदचं फुगीर जॅकेट घातलंत, पण त्याची चेन लावेनात. आतलं पांढरं दिसायला हवं म्हणून. इरा टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा स्नोमॅन!" रश्मीने तोंड फिरवून हसू दाबलं. तुमचा चेहरा मात्र वंदनेला निघाल्यासारखाच गंभीर.

खाली उतरायची वाट निसरडी झाली म्हणून बंद होती. लांबून, दरीच्या अलीकडच्या काठावरून बघायचं. समोरच्या कड्याच्या पोटात भली मोठी कपार, तिच्या वर बर्फ, खाली बर्फ, आणि मधल्या कोरड्या जागेत आख्खं गाव. तुम्ही बघितलंत न बघितलंत तोच चपला... नाही, बूट काढायला लागलात. आनंद ओरडला, "बाबा, पाय गोठतील!" मग बूट पायातच ठेवलेत, हात जोडलेत, त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केलीत. आणि म्हणता म्हणता खिशातून मेणबत्ती काढून माझ्याकडे हात केलात.

माझी काडेपेटी मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतली होती. मी मान हलवली. तेवढ्यात उद्यानाची टोपीवाली अधिकारी बाई लगबगीने आली आणि मेणबत्तीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. "बाबा, इथे पेटवायचं नाही म्हणतात," आनंद म्हणाला. ते ऐकलं मात्र, तुम्ही तिच्यासमोर ताठ उभे राहिलात आणि दोन्ही हात वर केलेत. झडतीसाठी! निवृत्त होऊन किती काळ लोटला होता, समोर फाटक नाही, मुकादम नाही, पण आग नाही म्हटल्यावर तुमचे हात आपोआप वर गेले. ती बिचारी बाई दोन पावलं मागे सरली. तिला वाटलं असेल, हा म्हातारा शरण का येतोय? आनंद तिला समजावून सांगत राहिला आणि मी पदरात तोंड घालून हसत राहिले.

वंदना तुम्ही न पेटवलेल्या मेणबत्तीवरच पुरी केलीत. मग दुर्बीण लावलीत. बऱ्याच वेळाने म्हणालात, "अगं, ही लेणी नव्हेत. ही तर घरं आहेत."

"घरं?"

"दगडावर दगड रचून बांधलीत. कोरलेलं काहीच नाही. दारं आहेत, खिडक्या आहेत, धान्याच्या खोल्या असाव्यात."

मी दुर्बीण घेतली. मला पहिल्यांदा दिसलं ते कपारीचं छत. मधूनमधून काळंकुट्ट. म्हटलं, "ही चुलीची काजळी आहे."

तुमचा चेहरा पडला. "म्हणजे मी कुणाच्या तरी स्वयंपाकघराकडे तोंड करून वंदना केली?"

"बरं झालं. घरच्या स्वयंपाकघराकडे तोंड करायला तुम्हाला कधी सवड झाली नाही."

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की दरीतून तुमचंच हसू परत आलं. ते हसू मला अजून ऐकू येतं. मागच्या आठवड्यात कुकरची शिट्टी होताना आलं आणि मी गॅस बंद करून खाली बसले. बराच वेळ रडले. असं अधूनमधून होतं, ते काही तुमच्यापासून लपवत नाही.

मग इराने विचारलं, "इथली माणसं कुठे गेली?" टोपीवाल्या बाईने सांगितलं, आनंदने मराठीत केलं. पाऊस पडेना, पीक येईना, वर्षानुवर्षं दुष्काळ. लोक दक्षिणेकडे गेले. त्यांचे वंशज आजही तिकडे राहतात, आणि ही घरं रिकामी पडलीत असं ते मानत नाहीत. तुम्ही इराला कडेवर घेतलंत आणि सरळ सांगून टाकलंत, "आपल्या मुलांकडे राहायला गेली."

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी."

"एखादी म्हातारी राहिली असेल मागे."

"काहून राहील?" तुमचं वऱ्हाड असं मधूनच वर यायचं. पुण्यात एवढी वर्षं काढून 'काहून' काही गेलं नाही.

"तिची चूल आहे म्हणून."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि लगेच दुर्बीण डोळ्यांना लावलीत. पोरं इराला घेऊन संग्रहालयात गेली. आपण गाडीत बसलो, काचांवर वाफ धरली होती. तिथे तुम्ही तो प्रश्न विचारलात. "मी आधी गेलो तर तू आनंदकडे राहशील ना?" मी चहा ओतत होते. तुम्ही चहा प्यायलात आणि विषय मिटला असं समजलात.

मिटला कसला! ती म्हातारी आपल्यासोबत विमानात बसून धायरीला आपल्या घरी आली. तुम्ही हट्टाने बसने मंडईत जाऊन मेथीच्या जुड्या आणायचात, कोपऱ्यावरची भाजी तुम्हाला चालायची नाही. मग जुडी निवडता निवडता सुरू. "तुझी म्हातारी पाणी कुठून आणते?"

"तिथे झरा आहे. बाईने दाखवला होता."

"तो आटला. म्हणून तर गाव उठलं."

"गावाला पुरत नसेल. एका बाईला पुरतो."

पाण्यावर तुमचा विशेष अधिकार होता. सोसायटीत टँकरवाल्याशी तुम्हीच बोलायचात, टाकीचा व्हॉल्व्ह तुम्हीच फिरवायचात. तेव्हा पाण्यावर हरलात की तुम्हाला झोंबायचं. मग हुकमाचं पान काढायचात. "आणि म्हातारी पडली तर? उचलणार कोण तिला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी उठून कुकर लावायला जायचे. तुम्ही मेथीच्या काड्यांचा ढीग करत विजयी बसायचात.

पण तुम्ही हसत विचारत असलात तरी तुमचा हात तेव्हा गुडघ्यावर घट्ट आवळलेला असायचा. ते मी बघत होते. तुम्हाला भीती वाटत होती. म्हातारीसाठी नव्हे, माझ्यासाठी. रात्रपाळीला मला एक्स्चेंजपर्यंत सोडायला यायचात, सुटायच्या वेळी समोर सायकल घेऊन उभे. मी म्हणायचे, "मी काय लहान आहे?" तरी यायचात. माझ्या मैत्रिणींचे नवरे बायको कुठल्या पाळीला आहे हे विचारतसुद्धा नसत. त्या वेळी मी तुमच्यावर चिडायचे आणि घरी पोचेपर्यंत बोलायचे नाही. आज सांगते, सायकलच्या मागे बसून मला फार बरं वाटायचं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही दिवसपाळीलाही आला असतात.

तुम्ही एकदा सरळ म्हणाला असतात, "तू एकटी कशी राहशील याने माझा जीव खालीवर होतो," तर मीही सरळ उत्तर दिलं असतं. पण आपल्या दोघांनाही ते जमलं नाही. मग त्या म्हातारीच्या आडून बोलत राहिलो.

मागच्या थंडीत भाज्याला गेलो, ते आठवतं? पायऱ्यांशी पोचलो आणि तुमच्या गुडघ्यांनी जवाब दिला. तुम्ही टपरीच्या बाकावर बसलात, पिशवीतून मेणबत्ती काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. "तू जाऊन ये." आयुष्यात पहिल्यांदा. मेणबत्तीही माझ्याकडे, काडेपेटीही माझ्याकडे. मी सावकाश चढले. मेणबत्ती लावली, वंदना केली, तुम्ही नेहमी जिच्यात आडवे व्हायचात त्या खोलीतल्या दगडी ओट्यावर जरा टेकले. ओटा भयंकर गार होता, तुम्ही तिथे पडून 'काय झोप लागते' म्हणायचात ते साफ खोटं होतं. खाली आले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी मागवलेला चहा निवून गेला होता. तुम्ही वर बघत म्हणालात, "एकटी गेलीस की."

"गेले, आणि परतही आले."

 येताना लोकलमध्ये खिडकी मला दिलीत. त्यानंतर तुम्ही म्हातारीचा विषय एकदाही काढला नाहीत. मी समजले, तुम्ही हरलात. आनंदला मात्र तेवढं कळवायचं राहून गेलं तुमचं.

आणि मग ती सकाळ. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवून आलात, दारातच भिंतीला हात लावलात आणि खाली बसलात, मग आडवे झालात. मी तुमच्या काखेत हात घातला. हलेना. तुम्ही शुद्धीवर होतात, माझ्याकडे बघत होतात, आणि मला ठाऊक आहे तुमच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं. उचलणार कोण.

मी दार सताड उघडलं आणि जिन्यात उभी राहून ओरडले. आख्ख्या सोसायटीने माझा तो आवाज पहिल्यांदा ऐकला असेल. वरच्या मजल्यावरच्या अमरावतीच्या दोन मुली कंपनीच्या बससाठी निघाल्या होत्या, त्या जिना उतरता उतरता पिशव्या टाकून धावल्या. "काकू, तुम्ही चादर आणा फक्त." वॉचमन आला. समोरच्या दाराचे काका अर्धी दाढी केलेले, साबणासकट आले. चौघांनी चादरीत घालून तुम्हाला अलगद उचललं आणि खाली गाडीत ठेवलं. एक मुलगी तिची बस सोडून माझ्यासोबत दवाखान्यात आली, माझा हात धरून बसून राहिली. तुम्ही परत आला नाहीत. त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण उचलायला माणसं आली हो. तुम्ही चादरीत होतात, तुम्हीही बघितलंत. इतकी वर्षं जे उत्तर मला सुचत नव्हतं ते माझ्यासमोर तुम्हाला उचलून जिना उतरत होतं, आणि ते तुम्हाला ऐकवायची सोय राहिली नाही. या एका गोष्टीचा मला फार राग येतो.

आनंदला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, एकटी इथे काय करणार तू?"

"दोघं मिळून जे करत होतो तेच. भाजी थोडी कमी आणायची."

"लोक मला काय म्हणतील?"

"कोण लोक? त्यांना माझ्याकडे पाठव."

त्याचे डोळे भरून आले. आपला मुलगा आहे, मलाही भरून आलं. म्हटलं, "तुझ्याकडे येईन रे. राहीन, इराच्या डोक्याला तेल लावीन, तुमच्या फ्रीजमधलं शिळं काढून टाकीन. पण येईन ती पाहुणी म्हणून, आणि परत जायचं तिकीट काढून. इथे मी कुणाची पाहुणी नाही."

"पण बाबांची इच्छा होती, आई."

हे लागलं. मी गप्प झाले. आणि लक्षात आलं की आता हा मुलगासुद्धा माझं गप्प बसणं म्हणजे हो समजेल, बापाचाच आहे. म्हणून लगेच तोंड उघडलं. "बाबांची इच्छा मी सांभाळून राहावं अशी होती. कुठे, ते मी ठरवीन. आणि ऐक, माझं उत्तर नाही असं आहे. नाही. ऐकलंस?"

तेवढ्यात इराचा व्हिडिओ कॉल आला. आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे, आणि आपले म्हातारीचे वाद फोनवर ऐकतच मोठी झाली. बापाचा चेहरा बघून तिला सगळं समजलं असावं, कारण तिने एकदम विचारलं, "आजी, म्हणजे ती कड्यातली म्हातारी तू होणार?"

"झालेच आहे."

"पाणी आहे का पण?"

"टँकरवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. व्हॉल्व्ह कसा फिरवायचा तेही येतं."

"आणि पडलीस तर?"

"ओरडेन."

ती म्हणाली, "डॅड, लेट हर बी ना." आनंद कपाळाला हात लावून हसला. तुमच्यासारखाच हसतो तो, खांदे हलवून.

परवा तो गेला. जाताना त्या दोन मुलींना आपला फोन नंबर देऊन गेला, मला न सांगता. मी बघितलं नाही असं दाखवलं. दार लावलं, घर अगदी शांत झालं. मग तुमचा कप्पा उघडला. तिकडून न पेटवता परत आणलेली ती मेणबत्ती तुम्ही रुमालात गुंडाळून ठेवली होतीत. घरात लाइट गेले तरी हात लावू द्यायचा नाहीत. म्हणायचात, ती त्या कड्यातल्या माणसांची आहे, त्यांच्यासमोरच लावायची राहिली.

ती मी काढली. पर्समधून काडेपेटी घेतली. पण मूर्तीपुढे नाही गेले. स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या शेगडीशेजारी ओट्यावर ती उभी केली आणि पेटवली. तिच्याकडे तोंड करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटीने वंदना केली. मग पोळ्या लाटल्या, मेथी परतली, आणि मेणबत्ती संपेपर्यंत तिथेच बसून जेवले.

ओट्यामागच्या फरशीला जराशी काजळी धरली आहे. ती मी पुसणार नाही.